थोडं जवळ सरका की!

मैत्रिणींनो, आज एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या घरात फक्त तुम्हा दोघांचे असे फोटो किती आहेत? लग्नाचा अल्बम सोडून हं! मुंज, बारसं, वास्तुशांत यांतलेही सोडा. तिथे तुमच्या दोघांच्या मध्ये चौरंग असतो, गुरुजी असतात, आणि फोटो नेमका काढायच्या वेळी कुणीतरी आत्याबाई ताट घेऊन समोरून जातातच. राहता राहिले महाबळेश्वर नाहीतर उटीचे फोटो. पण कॅमेरा एकच, त्यामुळे ह्यांनी आपला काढलेला, आपण ह्यांचा काढलेला. दोघंही तिथे गेले होते याला पुरावा काय, तर दोन वेगवेगळ्या फोटोंतलं मागचं एकच झाड!

आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, दिवसाला शंभर फोटो निघतात. पण ते नातवंडांचे, पदार्थांचे, आणि अगदी उगवत्या सूर्याचे. पन्नाशी-साठीच्या नवरा-बायकोंचा दोघांचाच, निवांत, नीट काढलेला फोटो मात्र आजही दुर्मीळ आहे.

हे माझ्या लक्षात आलं ते मयताच्या घरी भेटायला जाताना. मंडळाच्या कामामुळे आमच्या कॉलनीमागच्या वस्तीत माझं नेहमीचं जाणं-येणं. तिथे कुणी गेलं की भिंतीवर हार घातलेला जो फोटो असतो, तो बहुतेक वेळा कुठल्यातरी ओळखपत्रावरून मोठा केलेला. चेहरा घाबरलेला, कान ताठ, जणू पोलिसांनीच काढलाय. आयुष्यभर हसतखेळत राहिलेल्या माणसाची तीच एक आठवण भिंतीवर उरते. आणि शेजारी बसलेली त्याची बायको? चाळीस वर्षांच्या संसारात दोघांचा एकत्र फोटोच नाही!

म्हणून गेल्या वर्षी आमच्या महिला मंडळाने ठरवलं, की वस्तीतल्या पन्नाशीपुढच्या सगळ्या जोडप्यांचा एकेक फोटो काढायचा आणि तो छापून, चौकटीत घालून घरी द्यायचा. आमच्याच सोसायटीतली एक मुलगी फोटोग्राफीचा कोर्स करते, ती कॅमेरा घेऊन आली. समाजमंदिरात पडदा लावला, दोन खुर्च्या मांडल्या. जोडपी आली, बसली, आणि सगळी एकजात सारखी! पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, मध्ये दीड फुटांचं अंतर. "काकू, थोडं जवळ सरका की!" म्हटलं की काकू पदर सावरायच्या आणि होत्या तिथेच बसायच्या. काका तर घड्याळाकडे बघायचे.

त्या मुलीच्या मोबाईलमध्ये जोडप्यांच्या पोझची शेदीडशे चित्रं होती. कपाळाला कपाळ टेकलेलं, उचलून गिरकी घेतलेली, फुग्यांच्या मागे लपलेले. ती मला हळूच विचारते, "ताई, काकांना सांगू का काकूंच्या कपाळावर कपाळ टेकवायला?"

म्हटलं, "अगं बाई, काका पुढच्या दाराने पळून जातील!"

विनोद बाजूला ठेवू. पण यातून एक मोलाची गोष्ट आम्हाला कळली. फोटोच्या कल्पना दुसऱ्याच्या फोटोंत सापडत नाहीत, समोरच्या दोघांतच सापडतात. दुसऱ्या रविवारपासून आम्ही पडदा गुंडाळून ठेवला आणि फोटोआधी प्रत्येक जोडप्याशी दहा मिनिटं नुसत्या गप्पा मारायला लागलो. प्रश्न चारच. दिवसभरात दोघं मिळून कोणतं काम करता? घरातली तुमची बसायची जागा कोणती? भांडण कशावरून होतं? आणि घरात अशी कोणती वस्तू आहे जी दोघांनी मिळून घेतली?

काय सांगू, भांडणाचा प्रश्न विचारला की काकू एकदम मोकळ्या होत! "हे चहात साखर टाकतात चोरून, डॉक्टरांनी सांगितलंय तरी!" झालं, कल्पना मिळाली. काकांच्या हातात साखरेचा डबा, आणि काकूंचा हात त्या डब्यावर. दोघं असे खळखळून हसले, की दीड फुटाचं अंतर कुठल्या कुठे गेलं. 'स्माईल प्लीज' म्हणायची वेळच आली नाही.

तसे आपण मराठी माणसं जोडप्याच्या चित्राला नवखे नाही बरं का. लोणावळ्याजवळची कार्ल्याची लेणी तुम्ही पाहिली असतील. एकवीरेच्या दर्शनाला जाताना तर बाजूनेच जातो आपण. पुढच्या वेळी चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीपाशी पाच मिनिटं थांबा. तिथे दगडात कोरलेली स्त्री-पुरुषांची जोडपी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. मुंबईच्या कान्हेरी लेण्यांतही अशी आहेत. काही अभ्यासक त्यांना लेण्यांसाठी दान देणारी दांपत्यं मानतात. मला त्यांच्यात आवडतो तो त्यांचा ऐटबाज मोकळेपणा. ती त्याच्या मागे नाही की पायाशी नाही. त्याच्याएवढीच, त्याच्या शेजारी, बाजूबंद-तोडे घालून ठाम उभी आहे. आत खांबांच्या माथ्यावर तर हत्तीवर बसलेल्या जोड्या आहेत. आजच्या कुठल्या स्टुडिओवाल्याला सुचेल का सांगा!

मग मधल्या काळात आपण एवढे अवघडलो कसे? फोटोग्राफी आपल्याकडे फार लवकर आली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर. पण तेव्हा एका फोटोला काही सेकंद अजिबात न हलता बसावं लागे, मान हलू नये म्हणून मागून टेकूही देत. मग हसणार कोण? त्यात घरच्या बायकांनी परक्या पुरुषासमोर बसायचं नाही. राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला, तो याच अडचणीपोटी. जुन्या घरांतले फोटो आठवा. पणजोबा खुर्चीत, पगडी घालून, हातात काठी. पणजी बाजूला उभी, दोन्ही खांद्यांवर पदर, नजर खाली. ती पोझ स्टुडिओवाल्याने दिलेली, पण आपल्या अंगात ती अशी मुरली की कॅमेरा समोर आला की अजूनही तीच उमटते.

या वाटेवर एक जोडपं मात्र मला फार लोभस वाटतं. होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३, नवसारीचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. कॅमेरा त्यांच्या हाती दिला तो माणेकशा व्यारावाला यांनी, जे पुढे त्यांचे पती झाले. सुरुवातीला होमाईंनी काढलेले फोटो माणेकशांच्या नावाने छापून येत, कारण बाईचं नाव तेव्हा कोण छापणार! पुढे त्याच होमाईंना २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. कॅमेऱ्यामागे बाई असली की समोरची बाई जरा मोकळी होते, हा अनुभव आम्हालाही आला. आमच्या पोरीऐवजी एखादा बाप्या असता तर साखरेच्या डब्याची गोष्ट त्या काकूंनी सांगितली असती का, शंकाच आहे.

आता थोडं कामाचं बोलू. हे सगळं घरच्या मोबाईलवरही जमतं, फक्त काही पथ्यं पाळायची.

पहिलं पथ्य उजेडाचं. ट्यूबलाइट बंद करा आणि दोघांना खिडकीच्या किंवा दाराच्या कडेला बसवा. उजेड बाजूने येऊ दे, पाठीमागून नको. बाहेर काढायचा तर सूर्य उगवल्यावर तासाभरात किंवा मावळायच्या आधी तासभर. भर दुपारी डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि माणूस आहे त्याहून दहा वर्षांनी म्हातारा दिसतो. दुपारच झाली तर पूर्ण सावली शोधा. पानांतून कवडसे पडत असतील तर तिथे नको, तोंडावर डाग आल्यासारखे दिसतात.

दुसरं, मोबाईलची मागची भिंग आधी पुसा. स्वयंपाकघरात वावरणारा मोबाईल, तेलकट बोटं लागलेलीच असतात! फोटो मागच्या कॅमेऱ्याने काढा आणि अगदी तोंडाशी जाऊन काढू नका, नाकं मोठी येतात. चार पावलं मागे सरा. जोडपं बसलेलं असेल तर काढणाऱ्यानेही खाली बसावं, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. दोघांचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर ठेवा, नाहीतर एक स्पष्ट आणि एक पुसट. चष्मा चमकत असेल तर हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा. आणि एकावर थांबू नका, दहा-बारा काढा. दोघांपैकी एकाचे डोळे मिटलेले असणारच, हा निसर्गनियम आहे.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, हातांना काम द्या. माणूस अवघडतो तो आधी हातांत. शेंगा सोलायला द्या, लोकरीचा गुंडा धरायला द्या, चहाचे कप द्या. आमच्या वस्तीत शिलाईकाम करणारं एक जोडपं आहे, दुकान दोघांचं. मापाच्या टेपचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं तिच्या गळ्यात. बस्स, फोटो झाला. दुसऱ्या एका घरी बायको नवऱ्यापेक्षा चांगली चार बोटं उंच. लग्नापासून प्रत्येक फोटोत तिला खाली बसवलेलं. आम्ही दोघांना जिन्यावर घेतलं. तो एक पायरी वर, ती खाली. तर तेच म्हणाले, "नको ताई, आम्ही रोज जसे उभे राहतो तसेच घ्या. उंच आहे तर आहे!" ती लाजली, पण काय सुंदर फोटो आलाय म्हणून सांगू!

कल्पना चित्रांतूनही घेता येतात, फक्त नक्कल करायची नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीत यान व्हॅन आयक यांचं १४३४ सालचं एक प्रसिद्ध चित्र आहे, आर्नोल्फिनी दांपत्याचं. त्यात जोडप्याच्या मागे भिंतीवर गोल आरसा आहे आणि त्यात दोघं पाठमोरे दिसतात. आपल्या घरात आरसा आहेच की! ती आरशासमोर वेणी घालतेय आणि दारात तो 'चल, उशीर झाला' म्हणत उभा आहे, हे रोजचं दृश्य आरशातून काढून बघा. निकोलस निक्सन या अमेरिकन फोटोग्राफरने आपली पत्नी आणि तिच्या तीन बहिणी यांचा १९७५ पासून दरवर्षी एक फोटो काढला, चाळीसहून अधिक वर्षं, चौघी उभ्या राहण्याचा क्रम तोच ठेवून. लग्नाच्या वाढदिवसाला आपण केक कापतो, तसा दरवर्षी एकाच ओट्यावर, एकाच बाजूने एक फोटो काढायला काय हरकत आहे? खर्च शून्य.

काही घरांत मात्र कल्पना सुचूनही भागत नाही, तिथे धीर लागतो. वस्तीतल्या एका काकांना अर्धांगवायू झालाय, उजवा हात चालत नाही. "आता कसला फोटो? आधी काढायला हवा होता," म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. काकूंनीही आग्रह केला नाही. आम्ही नुसत्याच बसलो, चहा झाला. बोलता बोलता काकू म्हणाल्या, की त्यांना वाचता येत नाही. लग्न झाल्यापासून काका रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचून दाखवतात. आजारपणानंतर जीभ जरा जड झालीये, तरी वाचतात. पण पेपर दोन हातांनी धरावा लागतो ना! मग डावं पान काका धरतात आणि उजवं काकू. म्हटलं, "आजचा वाचून झाला का?" नव्हता झाला. काका वाचायला लागले आणि आमची पोरगी दाराशी उभी राहून हळूच फोटो काढत राहिली. त्या फोटोत आजार दिसत नाही असं नाही, दिसतो. पण पेपर दोघांनी धरलाय, हे आधी दिसतं. काकांना तो दाखवला तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "दोन प्रती द्या. एक मुलीकडे पाठवायचीय."

आणि एक मावशी. त्या रांगेत नव्हत्या, समाजमंदिराच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांचे मालक तीन वर्षांपूर्वी गेले, गवंडी होते. "माझा येईल का हो ह्यांच्यासंगं?" त्यांनी विचारलं, तशी रांगेतल्या दोघीतिघींत कुजबुज झाली. सवाष्णींच्या कार्यक्रमात ही कशाला, असा तो सूर. एक तर मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, बरं दिसत नाही." मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं, हे आपण सगळ्यांनी पेपरात वाचलंय. पण ठराव कागदावर असतो, कुजबुज कानाशी असते. मी एवढंच म्हटलं, "हा हळदीकुंकवाचा कार्यक्रम नाही, फोटोचा आहे. संसार मावशींनीही केलाय."

आमची पोरगी म्हणाली, दोन फोटो कॉम्प्युटरवर जोडून देता येतील. मावशी पटकन म्हणाल्या, "नगं बाई. शेजारणीला तसा जोडून दिला, तर तिच्या नवऱ्याला कोट घातला त्यांनी! आमच्यांनी जन्मात कोट घातला न्हाई." मग नेहमीचे प्रश्न विचारले. मिळून केलेली वस्तू कोणती? मावशी म्हणाल्या, "घरापुढला कट्टा. ह्यांनी बांधला, विटा मी दिल्या." सगळ्या त्यांच्या घरी गेलो. त्यांनी आतून नवऱ्याची थापी आणि ओळंबा आणला, पदराने पुसला. मग जरा घुटमळल्या. "टिकली लावू का?" म्हटलं, "मावशी, कपाळ तुमचं, तुम्ही ठरवा." त्यांनी लावली. कट्ट्यावर एका कडेला बसल्या, दुसऱ्या कडेला थापी ठेवली. फोटोत माणूस एकच आहे. आमच्या सगळ्या फोटोंत मला विचाराल, तर तोच पहिल्या नंबरचा. आणि हो, कुजबुजणाऱ्यांतलीच एक नंतर चौकट धरायला मदत करत होती.

आता तरुण मंडळींकडे वळते, नाहीतर म्हणाल काकू म्हाताऱ्यांचंच बोलतात! आजकाल लग्नाआधी फोटो काढायची पद्धत आलीय, प्री-वेडिंग शूट. काढा की, मला त्यात वावगं वाटत नाही. लग्नाआधी दोघं एक दिवस एकत्र घालवतात, चांगलंच आहे. पण धुराची नळकांडी, भाड्याचे गाऊन, परक्याची गाडी आणि हजारोंचा खर्च बघितला की प्रश्न पडतो. हा खर्च बहुतेक वेळा कुणाच्या वडिलांच्या खिशातून जातो ते आपल्याला माहीत आहे. हुंडा म्हणायचं नाही, 'हौस' म्हणायचं, एवढाच फरक. त्यापेक्षा वरचे चार प्रश्न यांनीही एकमेकांना विचारावेत. भेटलात एसटी स्टँडवर, तर फोटो तिथे काढा. त्याची खटारा दुचाकी आहे, तर तिच्यावर काढा. दहा वर्षांनी ती गाडी विकलेली असेल, तेव्हा त्या फोटोची किंमत कळेल.

मुलींना खास सांगणं आहे. एखादी पोझ नको वाटली तर स्पष्ट नाही म्हणा. उचलून घेणं, पाण्यात भिजणं हे तुम्हाला आवडत नसेल, तर 'सगळे करतात' हे कारण पुरेसं नाही. तुमचे फोटो जाहिरातीसाठी वापरायचे की नाही, हे आधी ठरवून लिहून घ्या. आणि जिवाशी खेळ नको. जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडला सेल्फी काढताना एक मुलगी समुद्रात पडून दगावली, त्यानंतर मुंबई पोलिसांना सेल्फीबंदीच्या जागा ठरवाव्या लागल्या. गडाचा बुरूज, धबधब्याचा काठ, रेल्वेचे रूळ या फोटोच्या जागा नाहीत.

शेवटी एक कळकळीची विनंती. फोटो काढलात की छापून घ्या. मोबाईल बिघडतो, हरवतो, नातू 'जागा भरली' म्हणून पुसूनही टाकतो. चांगल्या कागदावर छापलेला एक फोटो मात्र कपाटात पन्नास वर्षं राहतो. त्याच्या मागे मऊ पेन्सिलीने दोघांची नावं, गाव आणि तारीख लिहा. पेनने नको, शाई पुढच्या बाजूला उमटते. आणि नावं लिहाल तेव्हा 'सौ. व श्री.' एवढ्यावर भागवू नका, तिचंही नाव पुरतं लिहा. आपल्या पणज्यांच्या किती फोटोंमागे नुसतं 'सौभाग्यवती' लिहिलंय, आणि आज त्यांचं नाव सांगणारं घरात कुणी उरलं नाही!

तेव्हा येत्या रविवारी जेवणं आटोपली, की मुलांच्या हातात मोबाईल द्या, खिडकीचा पडदा सारा आणि ह्यांना हाक मारा. 'आता कशाला?' असं ते म्हणतीलच. म्हणू देत. साखरेचा डबा दाखवा, येतील!